दाराआडचे सूर

लंडनच्या पश्चिमेला हॅमरस्मिथ स्टेशनावर उतरून थोडे चालत गेले की ब्रुक ग्रीन नावाची लांबट हिरवळ लागते. तिच्या कडेला लाल विटांची एक भारदस्त इमारत आहे आणि त्या इमारतीवर गोल, निळी पाटी आहे. गुस्ताव होल्स्ट, जन्म १८७४, मृत्यू १९३४, संगीतकार, यांनी येथे ‘द प्लॅनेट्स’ लिहिले आणि येथेच शिकवले, इतकाच त्या पाटीवरचा मजकूर. ‘द प्लॅनेट्स’ ही त्यांची ग्रहांवरची प्रसिद्ध वाद्यवृंदरचना. मी ऑक्टोबरातल्या एका दुपारी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ती पाटी दोनदा वाचली. आत जाण्याचा प्रश्न नव्हता, कारण शाळा चालू होती. शिवाय कोणीही उठावे आणि चालत्या शाळेत शिरावे हे मला शिक्षिका म्हणून मान्य नाही. मी तेथे गेले होते ती होल्स्टसाठी नव्हे. त्यांच्या वर्गात बसलेल्या दोन मुलींसाठी गेले होते. एकीने संगीतातच पुढे जावे असे होल्स्टनी मनापासून सुचवले होते. दुसरीच्या कानात काही दोष तर नाही ना, अशी चौकशी त्यांनी तिच्या आईकडे केली होती. पहिलीचे नाव सेसिलिया पेन. दुसरीचे रोझलिंड फ्रँकलिन. पुढे दोघीही शास्त्रज्ञ झाल्या.

सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल ही मुलींची खाजगी शाळा. प्रत्येक जुन्या शाळेची असते तशी तिच्याही नामवंत माजी विद्यार्थिनींची यादी आहे, आणि ती लांबलचक आहे. अशा याद्या वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. यातले शाळेचे किती आणि त्या मुलींचे स्वतःचे किती? हुशार मुली निवडून घेतल्या, सुखवस्तू घरांतल्या घेतल्या, तर पुढे त्यांतल्या काही नाव काढणारच; त्यात शाळेने विशेष ते काय केले? मी स्वतः गेली बावीस वर्षे मुलींना भौतिकशास्त्र शिकवते आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही. या दोघींच्या गोष्टीतून मला त्याचे जे उत्तर सापडले, ते मांडण्यासाठी हा लेख.

सुरुवात मात्र १५०९पासून करायला हवी. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन जॉन कोलेट यांनी त्या साली वडिलोपार्जित संपत्तीतून एक शाळा काढली आणि तिचा कारभार मर्सर्स कंपनी या कापड व्यापाऱ्यांच्या जुन्या संघाकडे सोपवला. शाळेच्या नियमावलीत त्यांनी लिहून ठेवले की येथे सर्व देशांतल्या आणि सर्व प्रांतांतल्या मुलांना भेदभाव न करता शिकवले जाईल, आणि त्यांची संख्या १५३ असेल. बायबलमधल्या एका प्रसंगात जाळ्यात सापडलेल्या माशांची जी संख्या दिली आहे, तीच ही १५३. भेदभाव न करता, हे शब्द त्या काळाच्या मानाने फार मोठ्या मनाचे आहेत. तरीही त्यात मुली बसत नव्हत्या. त्या बसत नाहीत हे वेगळे लिहून ठेवण्याची कोणाला गरजही वाटली नसावी. कोलेट यांच्या त्याच निधीतून मुलींची शाळा उघडली ती १९०४ साली, म्हणजे ३९५ वर्षांनी. फ्रान्सिस ग्रे या तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका. मुलांच्या शाळेतल्या प्रमुखाला ‘हाय मास्टर’ म्हणत, म्हणून येथे ‘हाय मिस्ट्रेस’. ग्रेबाई १९२७पर्यंत त्या जागेवर होत्या. एखाद्या शाळेला वळण लागते ते अशाच दीर्घ कारकिर्दींत, हे शाळेत काम केलेल्या कोणालाही पटेल.

ही निवासी शाळा नाही. मुली सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात. हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत मुलांना लहानपणीच वसतिगृहात धाडण्याची रीत होती. रोझलिंडलाही नवव्या वर्षी समुद्रकाठच्या एका निवासी शाळेत ठेवले होते. अकराव्या वर्षी ती ब्रुक ग्रीनला आली, तेव्हा ती पुन्हा घरून शाळेत जाऊ लागली. दिवसाच्या शाळेत मुलीला रोज दोन जगांतून ये-जा करावी लागते. शाळेत ऐकलेले घरी जेवताना बोलून पाहायचे, घरी झालेला वाद दुसऱ्या दिवशी वर्गात न्यायचा. विचार स्वतःचा होण्यासाठी त्याची अशी ने-आण होणे फार उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आता होल्स्ट. ते १९०५ साली या शाळेत संगीतविभागाचे प्रमुख झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३४पर्यंत, तेथेच राहिले. जगभर नाव झाल्यावरही त्यांनी ही नोकरी सोडली नाही. मराठी वाचकाला त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे गृहस्थ संस्कृत शिकले होते. ऋग्वेदातल्या सूक्तांची उपलब्ध इंग्रजी भाषांतरे त्यांना गाण्यासाठी रुचेनात, म्हणून त्यांनी स्वतः भाषांतरे करून ती संगीतबद्ध केली. महाभारतातल्या सावित्रीच्या आख्यानावर त्यांनी एक छोटा ऑपेरा लिहिला. त्यात फक्त तीन पात्रे आहेत आणि त्यांच्या मागे स्त्रियांचा शब्दांवाचून गाणारा कोरस आहे. १९१३ साली शाळेने संगीतासाठी नवा भाग बांधला आणि त्यात होल्स्टना आवाज आत न येणारी एक खोली दिली. या उपकाराची फेड म्हणून त्यांनी शाळेच्या वाद्यवृंदासाठी ‘सेंट पॉल्स सूट’ ही रचना दिली. मुलींना वाजवता यावी म्हणून लिहिलेली ती रचना आज जगभरचे वाद्यवृंद वाजवतात. मुलींसाठी म्हणून काहीतरी सोपे, गोडगोड, कमी प्रतीचे लिहून द्यावे असे त्यांना वाटले नाही. त्यांची ही वृत्ती मला त्यांच्या प्रसिद्धीपेक्षा मोठी वाटते.

त्याच खोलीत पुढे ‘द प्लॅनेट्स’ जन्माला आले. होल्स्टच्या उजव्या हाताला मज्जातंतूंचा विकार होता, हात दुखे आणि लिहिणे अवघड जाई. त्यामुळे मोठ्या वाद्यवृंदाची ती अवाढव्य स्वरलिपी त्यांनी सांगावी आणि दुसऱ्या कोणी लिहावी अशी वेळ आली. लिहिण्याचे काम केले ते शाळेतल्या दोन संगीतशिक्षिकांनी, व्हॅली लास्कर आणि नोरा डे यांनी, आणि त्यांच्या जोडीला शाळेची माजी विद्यार्थिनी जेन जोसेफ हिने. जेन स्वतः संगीतकार होती. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकली, होल्स्टच्या सर्वांत लाडक्या शिष्यांपैकी एक ठरली आणि १९२९ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेली. निळ्या पाटीवर तिघींपैकी कोणाचेच नाव नाही. पाटीवर सगळी नावे मावत नाहीत हे मलाही समजते. पण सांगणारा एक आणि लिहिणाऱ्या तिघी, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

‘द प्लॅनेट्स’चा पहिला प्रयोग २९ सप्टेंबर १९१८ रोजी क्वीन्स हॉलमध्ये झाला. महायुद्ध अजून संपले नव्हते. हा प्रयोग निमंत्रितांपुरताच होता आणि वाद्यवृंदाचे संचालन तरुण एड्रियन बोल्ट यांनी केले. शेवटचा ग्रह नेपच्यून. त्यात वाद्ये हळूहळू विरळ होत जातात आणि कोठून तरी स्त्रियांचे आवाज ऐकू येऊ लागतात. शब्द नाहीत, नुसते स्वर. या गायिका रंगमंचावर नसतात. त्यांना शेजारच्या खोलीत उभे करायचे, मधले दार उघडे ठेवायचे आणि शेवटी ते अतिशय सावकाश लावून घ्यायचे, अशी होल्स्टची स्पष्ट सूचना आहे. त्या दिवशी दाराआड उभ्या राहून गाणाऱ्यांत सेंट पॉल्सच्या मुली होत्या. श्रोत्यांना त्या दिसल्या नाहीत. आवाज मात्र प्रत्येकाच्या कानांत पोहोचला.

सेसिलिया या शाळेत आली ती महायुद्धाच्या अखेरच्या काळात. पुढे त्या हार्वर्डच्या प्राध्यापक झाल्या, पण शाळकरी वयाविषयी लिहिताना मी ‘ती’ असेच म्हणणार. वडील ती चार वर्षांची असताना वारले होते आणि आईने एकटीने तीन मुलांना वाढवले. तिच्या आधीच्या शाळेत गणिताला आणि विज्ञानाला फारसे स्थान नव्हते. इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर एक प्रयोगशाळा होती. ही मुलगी कोणी नसताना तेथे चोरून जाई आणि रसायनांच्या बाटल्यांपुढे बसून मनातल्या मनात मूलद्रव्यांची पूजा करी, असे तिने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. ते वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे ती बाटल्यांची रांगच उभी राहते. काचेवर चिकटवलेली कागदी नावे, बुचांभोवती साचलेली भुकटी आणि समोर हात जोडल्यासारखी बसलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तिला देवळात गेल्यासारखे वाटे, कारण त्या खोलीत वापर नव्हता, नुसते दर्शन होते. सेंट पॉल्समध्ये आल्यावर तीच मूलद्रव्ये तिच्या हातात आली. पायऱ्या चढून आत शिरताना, आपण आता कधीच एकट्या पडणार नाही, आता विज्ञानाचा विचार करता येईल, असे तिच्या मनात आले. तिथे ती जेमतेम वर्षभर होती. होल्स्टनी तिच्यातली संगीताची जाण ओळखली आणि संगीतातच पुढे जा असे सांगितले. तिने ऐकले नाही, आणि शाळेनेही तिला विज्ञानासाठी हवे ते सगळे दिले. १९१९ साली ती शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात दाखल झाली.

केंब्रिजमधल्या एका प्रसंगामुळे मला या शाळेचे मोल कळले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अर्नेस्ट रदरफर्ड यांची व्याख्याने होत. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे स्त्रियांनी पहिल्या रांगेत वेगळे बसायचे. त्या वर्गात सेसिलिया एकटीच विद्यार्थिनी होती. रदरफर्ड आत येत, तिच्याकडे रोखून पाहत आणि ‘लेडीज अँड जेंटलमेन’ म्हणून ठसक्यात सुरुवात करीत. मागची सगळी मुले टाळ्या पिटत आणि लाकडी जमिनीवर पाय आपटत. प्रत्येक व्याख्यानाला हेच. जमिनीने आपल्याला पोटात घ्यावे असे वाटे, असे तिने लिहिले आहे, आणि पुढे आयुष्यभर कोठल्याही सभागृहात ती सवयीने मागच्या रांगेत जाऊन बसे. मला त्या रांगेविषयी सांगायचे आहे. सेंट पॉल्समध्येही ती कधीतरी पहिल्या रांगेत बसली असेलच. तेथे पहिली रांग ही नुसती पहिली रांग होती. मुलींच्या शाळेत सगळ्याच मुली असतात, त्यामुळे आपण मुलगी आहोत ही गोष्ट दिवसभर कोणाच्या ध्यानात आणून दिली जात नाही. तेथे हुशार, ढ, चिडकी, आळशी, भांडखोर अशा सगळ्या असतात. नुसती ‘मुलगी’ कोणीच नसते. काही काळ असे वावरता आले की अंगी एक सवय मुरते. पुढे कोणी पाय आपटले तरी, बिघाड आपल्यात नाही, त्या खोलीत आहे, हे आतून ठाऊक असते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मीदेखील मुलींच्या शाळेत शिकले. लंबकाचा दोरा मी स्वतः बांधत असे, घड्याळ मी दाबत असे आणि चूकही माझीच होत असे. कॉलेजात गेल्यावर प्रात्यक्षिकासाठी चौघांचा गट केला, तीन मुलगे आणि मी. पहिल्याच दिवशी सरांनी सहज म्हटले, “तुझे अक्षर चांगले असेल, तू रीडिंग लिहून घे.” त्यात दुष्टावा नव्हता, त्यांना खरोखर सोयीचे वाटले असावे. पण ती सोय वर्षभर टिकली. मुले भिंगे हलवत, स्क्रू फिरवत, आकडा मोठ्याने सांगत आणि मी रकाने आखून ते आकडे भरत असे. माझी प्रयोगवही वर्गात सर्वांत सुबक होती. परीक्षेत स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजण्याचे उपकरण, माझ्या एकटीच्या पुढ्यात आला तेव्हा त्याची दुर्बीण समांतर किरणांवर कशी जुळवायची हे मला वाचून ठाऊक होते, हातांना ठाऊक नव्हते. तो दिवस मी कसाबसा निभावला. होल्स्टच्या स्वरलिपीवर वाकलेल्या त्या तिघींचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून का हलत नाही, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

सेसिलियाने पदवीचा सगळा अभ्यासक्रम पुरा केला, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे; ती वाट १९४८ साली मोकळी झाली. म्हणून १९२३ साली ती अमेरिकेला, हार्वर्डच्या वेधशाळेत गेली. तेथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या, म्हणजे रंगांत विभागलेल्या त्यांच्या प्रकाशाच्या छायाचित्रांच्या, काचेच्या पट्ट्यांचा प्रचंड साठा होता. वर्णपटातल्या रेषांवरून मूलद्रव्ये ओळखता येतात. सूर्याच्या वर्णपटात लोखंड, कॅल्शियम यांच्या ठळक रेषा दिसतात; त्यामुळे सूर्य आणि तारे साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्यांचे बनलेले असावेत, असा तोपर्यंतचा समज होता. पण रेषा ठळक दिसते म्हणजे ते मूलद्रव्य जास्त आहे असे नाही. तापमानाप्रमाणे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यानुसार रेषा ठळक किंवा फिकट होतात. हे गणित १९२०च्या सुमारास आपल्या मेघनाद साहांनी मांडले होते. सेसिलियाने साहांचे समीकरण त्या पट्ट्यांना लावले आणि उत्तर आले की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन इतर मूलद्रव्यांच्या मानाने प्रचंड, काहींच्या तुलनेत दहा लाख पट आहे. १९२५च्या तिच्या प्रबंधात हे उत्तर आहे. पण हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या अधिकारी खगोलशास्त्रज्ञाने हे अशक्य म्हटल्यामुळे, हे आकडे बहुधा खरे नसावेत, असे वाक्यही तिने प्रबंधात घातले. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले. त्यांनी तिच्या कामाचा उल्लेख केला, हेही नोंदवायला हवे; तरी पुष्कळ काळ श्रेय त्यांच्याच नावावर राहिले. हार्वर्डमध्ये ती शिकवत असलेले वर्ग १९४५पर्यंत अभ्यासक्रमाच्या अधिकृत पुस्तिकेत छापलेही जात नव्हते. १९५६ साली ती पूर्ण प्राध्यापक झाली आणि मग विभागप्रमुख.

आता रोझलिंड. ती १९३२ साली सेंट पॉल्समध्ये आली, म्हणजे होल्स्टची शेवटची दोन-अडीच वर्षे तिला मिळाली. विज्ञान, लॅटिन, खेळ, सगळ्यांत पुढे. फक्त संगीतात अगदीच मागे. म्हणूनच तिच्या घरी कानाची, टॉन्सिलची चौकशी झाली. ही हकिगत लोक गंमत म्हणून सांगतात. मला तिच्यात वेगळेच दिसते. जगप्रसिद्ध संगीतकार एका बेसूर मुलीला वर्गाच्या मागे बसवून विसरून जात नाही. तिला ऐकू येते की नाही हे पाहण्याचे कष्ट घेतो. लंडनमध्ये मुलींना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र नीट शिकवणाऱ्या शाळा त्या काळी थोड्याच होत्या, आणि ही त्यांतली एक होती. १९३८ साली शाळा सोडताना रोझलिंडला तीन वर्षे दरसाल ३० पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. वडील सधन होते. त्यांनी तिला सांगितले की हे पैसे गरजू निर्वासित विद्यार्थ्याला दे. फ्रँकलिन कुटुंब ज्यू होते, आणि जर्मनीतून जीव वाचवून येणाऱ्यांचे लोंढे त्या वर्षी लंडनला पोहोचत होते.

पुढची कथा पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. केंब्रिज, कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांवरचे काम, पॅरिसमधली आनंदाची वर्षे, आणि मग लंडनचे किंग्ज कॉलेज. मे १९५२मध्ये तिच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंगने डीएनएच्या एका बारीक तंतूवर सुमारे ६२ तास क्ष-किरण सोडून एक छायाचित्र घेतले. तेच पुढे ‘फोटो ५१’ म्हणून गाजले. जानेवारी १९५३मध्ये ते तिला न विचारता, केंब्रिजमध्ये डीएनएच्या रचनेवरच काम करणाऱ्या जेम्स वॉटसनना दाखवले गेले आणि एप्रिलमध्ये डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा त्यांचा शोध प्रसिद्ध झाला. १६ एप्रिल १९५८ रोजी वयाच्या ३७व्या वर्षी तिला कर्करोगाने नेले. या शोधाचे नोबेल १९६२ साली दिले गेले, तिघा पुरुषांना.

तिची ओळख आज बहुतेक ठिकाणी एवढ्याच अन्यायाने करून दिली जाते, आणि मला त्याचे वाईट वाटते. किंग्ज सोडल्यावर बर्कबेक कॉलेजात तिने विषाणूंच्या रचनेवर जे काम केले ते स्वतंत्रपणे थोर आहे. तिच्या थडग्यावरच्या लेखात डीएनएचा उल्लेखही नाही, विषाणूंवरच्या संशोधनाचा आहे. तिच्या घरच्यांनी तिला तशी ओळखली. तंतूतला ओलावा नेमका किती ठेवायचा, कॅमेरा किती तिरका धरायचा, हे सगळे तिच्या हातांना येत होते. आपल्या समोरचे उपकरण आपणच हाताळायचे असते, यात वेगळे काही आहे असे तिला शाळेत कोणी कधी भासवले नव्हते.

यादीतल्या इतरांविषयीही थोडे सांगते. कॅथलीन केन्यन ही या शाळेची हेड गर्ल. तिने १९५२ ते १९५८ या काळात जेरिकोचे उत्खनन केले. भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख राहिलेले मॉर्टिमर व्हीलर आणि ती, या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी थरांप्रमाणे खणण्याची पद्धत आजही शिकवली जाते. अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सनही इथलीच. तिचे पती ग्वाल्हेरच्या बाल महाराजांचे शिक्षक होते, त्यामुळे १९२६ ते १९२८ ही वर्षे ती शिंद्यांच्या ग्वाल्हेरात राहिली. पुढे अपूर्ण स्पर्धेच्या तिच्या सिद्धान्ताने अर्थशास्त्राला नवे वळण दिले, अमर्त्य सेन यांच्या प्रबंधाला तिचे मार्गदर्शन लाभले, आणि नोबेल मात्र तिलाही मिळाले नाही. मला सर्वांत आवडते ते नाव मोनिका डिकन्स हिचे. तिने शाळेचा गणवेश हॅमरस्मिथच्या पुलावरून थेम्स नदीत फेकून दिला आणि शाळेने तिला काढून टाकले. ती लेखिका झाली आणि तिचेही नाव आज अभिमानाने त्याच यादीत घेतले जाते.

या सगळ्यात पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही. ही शाळा भरभक्कम फी घेणारी आहे आणि तेथे प्रवेश मिळवणे अवघड आहे. शर्ली विल्यम्स याच शाळेच्या विद्यार्थिनी. १९७६ ते १९७९ या काळात त्या ब्रिटनच्या शिक्षणमंत्री होत्या आणि मुलामुलींची निवड न करता सर्वांना सामावून घेणाऱ्या सरकारी शाळांचा त्यांनी आयुष्यभर हिरिरीने पुरस्कार केला. स्वतः अशा शाळेत शिकलेल्या बाईने ही भूमिका घ्यावी याला काहींनी विसंगती म्हटले. मला ती विसंगती वाटत नाही. आपल्याला जे मिळाले त्याची किंमत ज्याला कळते, तोच ते सर्वांना मिळावे म्हणून झगडतो. जानेवारी २०२५पासून ब्रिटनमध्ये खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला आहे आणि त्यावरून तेथे मोठा वाद चालला आहे. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हे ठरवण्याइतका माझा अभ्यास नाही. पण रिकाम्या रांगा, मोकळे हात आणि चुका करण्याची मुभा, यांतले काहीही मुळात महाग नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते. नुसती मुलींची शाळा असली म्हणजे हे आपोआप घडते असेही नाही. प्रयोगशाळेला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवणाऱ्या मुलींच्या शाळाही मी पाहिल्या आहेत. सेसिलियाची आधीची शाळाही मुलींचीच होती.

ब्रुक ग्रीनहून परतल्यावर मी माझ्या प्रयोगशाळेत एक नियम केला. गट दोघींचाच, आणि लिहिणारी निम्म्या वेळाने बदलायची. अक्षर कोणाचे चांगले आहे हे विचारायचे नाही. पहिले काही आठवडे प्रयोगवह्या फार गबाळ्या झाल्या, एकाच पानावर दोन हातांची अक्षरे, खाडाखोड, तिरके रकाने. मी त्या तशाच तपासल्या.

गेल्या आठवड्यात हायड्रोजनच्या वर्णपटाचा प्रयोग होता. पडदे ओढून खोली काळोखी केली. काचेची बारीक नळी गुलाबी उजेडाने पेटली. एक मुलगी स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसली होती आणि काहीच दिसत नाही म्हणून कुरकुरत होती. मी तिच्या हाताला हात लावला नाही. तिने फट थोडी रुंद केली, दुर्बीण डावीकडे नेली, जास्त नेली, परत आणली. तिची मैत्रीण वही उघडून, पेन धरून वाट पाहत होती. काळोखात सगळ्याच स्क्रूंचा बारीक आवाज येत होता. मग ती म्हणाली, “बाई, लाल आली,” आणि लगेच, “थांबा, पलीकडे निळसर पण आहे.” तिने कोन वाचून सांगितला, मैत्रिणीने लिहिला. तिसरी, जांभळी रेषा शोधायची राहिली होती, पण घड्याळात निम्मा वेळ झाला होता. ती स्टुलावरून उठली, वही स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाली, “बस, आता तू शोध.”